एमजी टीडीचं वर्कशॉप मॅन्युअल: ओरिजिनल घ्यावं की रिप्रिंट?

लाल_टीडी | रविवार, रात्री १०:२०

मंडळी, नमस्कार. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या दिवाळीत मामांची गाडी माझ्याकडे आली. १९५२ ची एमजी टीडी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, लाल, दोन सीटची. मामांनी शेवटची कधी चालवली ते घरात कुणालाच आठवत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गॅरेजमध्ये तिच्यावर गाद्या, पापडाचे डबे आणि गणपतीचं मखर रचून ठेवलेलं होतं. उद्यमनगरातले एक जुने मेस्त्री हात घालायला तयार झालेत. वय सत्तरीच्या पुढे. नाव देत नाही, त्यांना आवडायचं नाही. पण पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोरा, फियाट न् जीप डोळं झाकून खोलतो. ही बया वेगळी हाय. हिचं पुस्तक आण, मग बघू."

पुस्तक शोधायला बसलो तर तीन वाटा दिसल्या. एक, इंग्लंडचा एक विक्रेता 'ओरिजिनल फॅक्टरी मॅन्युअल, १९५०' म्हणून एक प्रत विकतोय. पोस्टेज धरून किंमत सांगितली तर सौ. काही बोलली नाही, नुसतं बघितलं. दोन, रिप्रिंट, साधारण पाचव्या हिश्श्यात. तीन, एका ग्रुपवर कुणीतरी पीडीएफ टाकलीय, फुकट.

मन ओरिजिनलवर आहे. गाडी ओरिजिनल तर पुस्तकही ओरिजिनल असावं असं वाटतं. तुम्ही काय केलंत?

पेठेतला_पिंट्या | रविवार, रात्री १०:४१

यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींच्या गावात गाडी खोलायला इंग्लंडवरनं पुस्तक मागवायचं? काय दिवस आले भावा.

उद्यमनगरी | रविवार, रात्री ११:०५

पिंट्या, उलट आहे. ज्या मेस्त्रीनं पुस्तक मागितलं त्याच्याकडे गाडी बिनधास्त द्यावी. "काय लागत नाय पुस्तक" म्हणणाऱ्यांनी वाट लावलेल्या गाड्या आमच्या लेथवर येतात, त्याच गुळगुळीत आट्यांसकट. उद्या सविस्तर लिहितो, आता दुकान बंद करायचंय.

हेराल्ड_६८ | सोमवार, सकाळी ७:५०

लाल_टीडी, आधी एक गोंधळ मिटवू. 'मॅन्युअल' म्हणून विकतात त्यात तीन वेगळी पुस्तकं असतात आणि विक्रेते बिनदिक्कत एकाच नावानं विकतात.

पहिलं, गाडीसोबत मालकाला मिळायचं ते छोटं पुस्तक. तेल किती, हवा किती, कुठल्या निपलला कधी ग्रीस. दुसरं, वर्कशॉप मॅन्युअल. हे कंपनीनं आपल्या डीलरच्या मेकॅनिकसाठी लिहिलेलं. तिसरं पार्ट्स लिस्ट, म्हणजे प्रत्येक भाग सुटा करून काढलेली चित्रं आणि नंबर. लोक तिसऱ्याला विसरतात आणि मग परत जोडताना दोन वॉशर हातात उरतात. माझ्या मते मेस्त्रींना सगळ्यात जास्त तिसरंच लागणार आहे. इंग्रजी वाचावं लागत नाही, चित्र बघितलं की काम होतं.

फॅक्टरी मॅन्युअलची एक खोड सांगतो. ते गृहीत धरतं की तुम्ही शिकलेले आहात आणि कंपनीची खास हत्यारं तुमच्या भिंतीला टांगलेली आहेत. "अमुक नंबरचं सर्व्हिस टूल वापरा" एवढं लिहून पुढे जातं. हेन्स या इंग्लिश प्रकाशकानं नेमकं हेच उलटं केलं. त्यांचं पहिलं मालकांसाठीचं वर्कशॉप मॅन्युअल १९६६ साली आलं, ऑस्टिन-हीली स्प्राइटचं. गाडी खरोखर पूर्ण खोलायची, परत जोडायची, फोटो काढत जायचं. माझ्याकडे हेन्सचं ट्रायम्फ हेराल्डचं आहे. इंजिन-गिअरबॉक्सला देव आहे ते पुस्तक. पण माझी गाडी मद्रासला बनलेली चार दरवाज्यांची, आणि इंग्लंडमध्ये हेराल्डला चार दरवाजे कधी नव्हतेच! मागच्या दाराचं कुलूप अडकलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि सरळ देवाचं नाव घेतलं.

(हेराल्ड स्पोर्ट्स कार नाही असं कुणी म्हणायच्या आधी सांगतो, स्पिटफायरची चेसिस याच घराण्यातली.)

पेठेतला_पिंट्या | सोमवार, सकाळी ८:१५

कुणी काही म्हणलं नव्हतं काका.

उद्यमनगरी | सोमवार, रात्री ९:३०

कबूल केल्याप्रमाणे.

टीडीचं इंजिन म्हणजे एक्सपीएजी, १२५० सीसी. हे इंजिन इंग्रजी, पण आटे मेट्रिक! आणि गंमत म्हणजे बोल्टची डोकी मात्र व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाची. म्हणजे पाना इंग्रजी लागतो आणि टॅप मेट्रिक लागतो. कारण असं की मॉरिसचा इंजिनांचा कॉव्हेंट्रीतला कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. पहिल्या महायुद्धात ती मंडळी तिथं आली, १९२३ मध्ये मॉरिसनं कारखाना घेतला. यंत्रं फ्रेंच, मापं मेट्रिक, ती तशीच चालू राहिली. इंग्रज मेकॅनिककडे पाने व्हिटवर्थचे, म्हणून डोकी तेवढी त्यांच्या मापाची ठेवली.

आता आपल्याकडं काय होतं बघा. या इंजिनात ८ मिलिमीटरचा आटा १ पिचचा आहे, म्हणजे दोन आट्यांत १ मिलिमीटर अंतर. लक्ष्मीपुरीत कुठल्याही दुकानात ८ चा बोल्ट मागा, १.२५ पिचचा हातात ठेवतील. तो दीड-दोन फेरे जातो, मग अडतो. आपला माणूस म्हणतो गंज असेल, आणि मारतो जोर. गेले आटे. काही वर्षांपूर्वी असाच एक ब्लॉक माझ्याकडं आला होता, अकरा भोकांतले आटे गेलेले. कुठल्या गॅरेजनं केलं ते सोडा. सगळी भोकं मोठी करून बुश बसवून नव्यानं टॅप मारले. १ पिचचा टॅप शोधण्यातच चार दिवस गेले.

बाकी चेसिसला बीएसएफ आटे, कार्ब्युरेटर आणि लुकास कंपनीच्या इलेक्ट्रिकल सामानाला बी.ए., दोन्ही जुनी इंग्रजी मापं. एका गाडीत एवढे प्रकार. तेव्हा पहिलं काम: काढलेला प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावून पिशवीत. पुस्तक ओरिजिनल का रिप्रिंट हा दुसरा प्रश्न.

आणि हेराल्डकाका, सर्व्हिस टूलची काळजी आपण कोल्हापूरकरांनी करायची नाही. पुस्तकात टूलचं चित्र दिसलं पाहिजे फक्त. पुलर असो, अलाइनमेंटचा दांडा असो, मापं मिळाली की दोन दिवसांत बनवून देतो. म्हणून माझी अट एकच, चित्रं स्वच्छ पाहिजेत. काही रिप्रिंटमध्ये फोटोच्या जागी डांबर ओतल्यासारखं दिसतं.

लाल_टीडी | सोमवार, रात्री १०:१०

बापरे. एक बोल्ट मी स्वतःच "गंज असेल" म्हणून ओढला होता. उद्या बघतो. 😬

जुनी_पानं | मंगळवार, दुपारी २:४०

मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण ग्रंथालयात बावीस वर्षं काढलीत, त्यामुळे कागदातलं कळतं. लाल_टीडी, त्या 'ओरिजिनल १९५०' पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नेमकं काय छापलंय ते जसंच्या तसं लिहाल का?

लाल_टीडी | मंगळवार, दुपारी ३:०५

ताई, विक्रेत्याच्या फोटोत असं आहे: एमजी मिजेट, सिरीज टीडी अँड टीएफ, वर्कशॉप मॅन्युअल. खाली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं नाव. प्रकाशन क्रमांक एकेडी ५८०ए.

जुनी_पानं | मंगळवार, दुपारी ३:५०

मग तुमचं तुम्हीच उत्तर दिलंत की. गाडीवाल्यांनी दुरुस्त करावं, पण मी आत्ता शोधलं त्यानुसार टीएफ हे मॉडेल १९५३ साली आलं आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन १९५२ साली स्थापन झालं. त्यामुळे ज्या पुस्तकावर ही दोन्ही नावं आहेत ते १९५० चं असूच शकत नाही. विक्रेता खोटारडा असेल असं नाही. गाडीचं साल आणि पुस्तकाचं साल यांची गल्लत सगळेच करतात. पण किंमत १९५० ची लावलीय ना!

नंतरचं रिप्रिंट ओळखायच्या दोन-तीन साध्या खुणा सांगते. भिंग घ्या, दहा रुपयांचं चालेल. जुन्या छपाईतला फोटो भिंगाखाली बघितला तर ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते. छापलेल्या पानावरून परत छापलं असेल तर जाळीवर जाळी चढते आणि फोटोत लाटांसारखे पट्टे उमटतात. अक्षरांच्या कडाही सुजल्यासारख्या दिसतात. दुसरं, पिना. सत्तर वर्षांच्या पिनांभोवती कागदावर गंजाचा तांबूस डाग पडतोच. तिसरं, घडीची पानं. वायरिंगची आकृती मूळ पुस्तकात मोठ्या घडीच्या पानावर असेल, तर स्वस्त रिप्रिंटवाले ती लहान करून एका पानात कोंबतात. विकत घ्यायच्या आधी त्याच पानाचा फोटो मागा.

पुण्याचा_पाहुणा | मंगळवार, रात्री ८:२०

ताईंनी चांगलं पकडलं. त्यात माझी भर.

पुस्तकांच्या बाबतीत 'जुनं ते सोनं' उलटं चालतं. संग्राहकाला सगळ्यात जुनी प्रत हवी असते, गाडी दुरुस्त करणाऱ्याला सगळ्यात नवी आवृत्ती. कारण गाडी बनत असताना कंपनी फॅक्टरीत गुपचूप बदल करत राहते आणि ते पुढच्या आवृत्तीत शिरतात.

टीडीतलंच उदाहरण. सुरुवातीला क्लच सव्वासात इंचाचा होता. एक्सपीएजी टीडी२ ९४०८ या इंजिन नंबरापासून आठ इंची झाला. पहिल्या पुस्तकावर विसंबून प्लेट मागवली तर ती तुमच्या गाडीत बसणार नाही, आणि परत पाठवायचा खर्च प्लेटपेक्षा जास्त. दुसरं, टापेटचं अंतर. आधीच्या कॅमला (व्हॉल्व्ह उघडतो तो) १९ थाउ, म्हणजे इंचाचे एकोणीस हजारांश. २४११६ नंबरापासून कॅम बदलला आणि अंतर १२ थाउ झालं. जुन्या पुस्तकात १२ चा उल्लेखच नाही. नव्या कॅमला १९ ठेवलं तर पोह्याच्या गिरणीसारखा आवाज येतो, आणि लोक म्हणतात "ब्रिटिश गाडी आहे, चालायचंच".

तेव्हा आधी इंजिनवरची अष्टकोनी पितळी पट्टी पुसा आणि नंबर बघा. पुस्तक त्यानंतर.

अजून एक. अमेरिकेत छापलेलं पुस्तक घेतलंत तर पाइंटकडे लक्ष द्या. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटर, अमेरिकन ४७३. तेल भरताना हा फरक लहान नाही.

लाल_टीडी | मंगळवार, रात्री ९:१५

पट्टी पुसली. टीडी२, एकवीस हजारच्या घरात (पूर्ण नंबर इथं देत नाही). म्हणजे क्लच आठ इंची आणि टापेट १९ थाउ, बरोबर?

पुण्याचा_पाहुणा | मंगळवार, रात्री ९:२२

पट्टीवर विश्वास ठेवायचा तर हो.

उद्यमनगरी | मंगळवार, रात्री ९:४०

"पट्टीवर विश्वास ठेवायचा तर" हे लय भारी बोललात. सत्तर वर्षांत इंजिन किती वेळा खोललं, आत काय घातलं, कुणाला माहीत.

शाहूपुरीकर | बुधवार, सकाळी १०:३०

ओरिजिनल घेणाऱ्यांसाठी एक दुःखद अनुभव. माझ्याकडे एमजीबीचं ओरिजिनल मॅन्युअल होतं, एकेडी ३२५९. गाडी कधीच नव्हती. पुस्तकच आवडलं म्हणून मुंबईत रद्दीतून घेतलं होतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावर पाणी आलं. पंचगंगा उतरल्यावर कपाट उघडलं तर पुस्तकाची वीट झालेली. चकचकीत कागद एकमेकांना असा चिकटला की पान सोडवायला गेलं की छपाईच निघून यायची.

त्यानंतर मी रिप्रिंटच्या बाजूचा झालो. भिजलं तर दुसरं मागवायचं. गॅरेजमध्ये तर पूर नसला तरी ग्रीस आहेच.

जुनी_पानं | बुधवार, सकाळी ११:१०

अरेरे. पुढच्या वेळेसाठी (अशी वेळ न येवो): चकचकीत कागदाचं पुस्तक भिजलं तर वाळू द्यायचं नाही. वाळताना चिकटतं. ओलं असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं आणि मग सवडीनं जाणकाराला दाखवायचं. २०२१ च्या पुरात आम्ही काही पुस्तकं अशी वाचवली, एका आइस्क्रीमवाल्याच्या कृपेनं.

पेठेतला_पिंट्या | बुधवार, दुपारी १:००

आइस्क्रीमच्या फ्रीझरमध्ये पुस्तकं! कोल्हापूर जगात भारी.

मला एक विचारायचंय, मस्करी नाही. फुकटची पीडीएफ असताना विकत कशाला? मोबाइलवर बघायचं, काम करायचं.

हेराल्ड_६८ | बुधवार, दुपारी २:३५

पिंट्या, गाडीखाली झोपून, हात तेलात, मोबाइलवर बोटानं चित्र मोठं करून बघ एकदा. शिवाय ती ग्रुपवरची पीडीएफ म्हणजे बहुतेक कुणीतरी रिप्रिंट स्कॅन केलेलं. मूळ छपाई, तिचं रिप्रिंट, त्याचं स्कॅन. तिसऱ्या पिढीपर्यंत वायरिंगच्या आकृतीत एनचा यू व्हायला वेळ लागत नाही. लुकासच्या भाषेत एन म्हणजे तपकिरी, थेट बॅटरीची तार, आणि यू म्हणजे निळी, हेडलाइटची. चुकलं तर धूर.

रिप्रिंट घ्यायचं तर मूळ कंपनीच्या वारसांकडून परवाना घेऊन छापणाऱ्यांचं घ्यावं. ब्रिटिश गाड्यांसाठी ब्रुकलँड्स बुक्स हे जुनं नाव. चित्रं बरी असतात. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सचं स्पायरल बाइंडिंग 'रिप्रिंट' म्हणून विकणारेही आहेत, त्यांच्यापासून जपा.

मागवताना पुस्तकावर आयात शुल्क लागतं हेही धरा. २०१९ च्या अर्थसंकल्पात बाहेरून येणाऱ्या छापील पुस्तकांवर ५ टक्के लावलं. रक्कम मोठी नसते, पण पार्सल अडकलं तर फेरे पडतात. पावतीवर 'छापील पुस्तक' असं स्वच्छ लिहायला सांगा. 'कार पार्ट्स, मॅन्युअल' असं लिहिलं की प्रश्न सुरू.

मिरजकर | बुधवार, रात्री ७:१५

धागा छान. एक धोक्याची सूचना राहिलीय. टीडी पॉझिटिव्ह अर्थ गाडी आहे. बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. आमच्या ओळखीत एकानं नवीन बॅटरी आणली, इलेक्ट्रिशियन पोरानं सवयीनं मायनस बॉडीला जोडलं. अँमीटर उलटा, डायनामो चार्ज करेना, पोरगं म्हणतं डायनामो गेला. दोन महिने डायनामो रिवाइंड करत बसले. मालकाच्या छोट्या पुस्तकात ते छापलेलं होतं, पण पुस्तक शोकेसमध्ये, काचेच्या आत.

लाल_टीडी | बुधवार, रात्री ८:००

ठरलं. 'ओरिजिनल १९५०' बाद. एकेडी ५८०ए चं रिप्रिंट मागवतो, पार्ट्स लिस्टही रिप्रिंटच. मालकाचं छोटं पुस्तक मात्र ओरिजिनल बघणार, तेवढा हट्ट राहू द्या. ते परवडतंही. सगळ्यांचे आभार. पुढचं सांगेनच.

लाल_टीडी | पाच आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:३०

पुढचं सांगतो.

रिप्रिंट आलं, अठरा दिवसांत. चित्रं स्वच्छ. मेस्त्रींनी पहिल्या दिवशी पुस्तक घेतलं ते एका पत्र्याच्या पेटीवर बसून दोन तास नुसती चित्रंच बघितली. एक शब्द बोलले नाहीत. मी इंग्रजी वाचून सांगायला लागलो तर म्हणाले, "थांब जरा. बघू दे." मग गिअरबॉक्सच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो सर्क्लिप उलटा बसवलाय आपल्या गाडीत." अजून गिअरबॉक्स खोललेलाही नव्हता. दुसऱ्या गिअरला जो आवाज यायचा त्यावरनं त्यांनी ओळखलं. खोलल्यावर खरं निघालं.

मग टापेट. पुस्तकाप्रमाणे आणि पट्टीप्रमाणे १९ थाउ. इंजिन गरम करून मेस्त्रींनी लावलं, गिरणीसारखा आवाज. परत मोजलं, १९ च. ते म्हणाले, "नंबर खोटं बोलत नाही, पण कॅम कुणाचा हाय ते बघाय पायजे." उद्यमनगरीनं लेथवरची डिग्री डिस्क आणि डायल गेज आणून दिली. ('बघून जातो' म्हणून आलेला माणूस रात्री अकराला घरी गेला, वहिनींची माफी.) व्हॉल्व्ह किती अंशावर उघडतो, किती अंशावर मिटतो ते चारही सिलिंडरला टिपून घेतलं आणि पुस्तकातल्या दोन्ही कॅमच्या आकड्यांशी ताडलं. नंतरचा कॅम! मामांनी किंवा त्यांच्या आधीच्या कुणीतरी कधीतरी बदललाय. अंतर १२ ला आणलं आणि इंजिन गप्प झालं. म्हणजे अगदी गप्प नाही, पण शेजारच्या काकू आता खिडकी लावून घेत नाहीत.

मेस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली आणि सरळ पुस्तकात, १९ वर काट मारून, देवनागरीत १२ लिहिलं, पुढं "कॅम नवा" आणि तारीख. मला विचारलंही नाही. त्यांचा ग्रीसचा अंगठाही उमटलाय पानावर.

मालकाचं छोटं पुस्तक अजून वाटेत आहे.

जुनी_पानं | शनिवार, सायंकाळी ५:१०

त्या पानाचा फोटो टाका की इथं.

उद्यमनगरी | शनिवार, सायंकाळी ५:४०

आणि तो ओढलेला बोल्ट घेऊन या सोमवारी. टॅप अजून माझ्याकडंच आहे.

हेराल्ड_६८ | शनिवार, रात्री ९:००

अभिनंदन! धाग्यावर आलोच आहे तर विचारतो: स्टँडर्ड हेराल्ड मार्क थ्रीच्या पार्ट्स लिस्टमधलं मागच्या दाराच्या कुलपाचं पान कुणाकडे आहे का? झेरॉक्स चालेल. डांबर असलं तरी चालेल.